चार रिव्हर्सची गाडी

गाडी बिघडली की भला माणूससुद्धा खोटं बोलायला लागतो. पंचेचाळीस वर्षं हैदराबादेत मोटारमिस्त्री म्हणून काढल्यावर एवढं मी खात्रीने सांगू शकतो. "काही केलं नाही हो, नुसती उभी होती, आपोआप मोडली," असं मला वकिलांनी सांगितलंय, हेडमास्तरांनी सांगितलंय. एका कीर्तनकार बुवांनी तर बॉनेटवर हात ठेवून शपथ घेतली आणि त्यांच्या रेडिएटरमधून मी साडेतीन शेर उसाचा रस काढला. वाटेत पाणी मिळालं नव्हतं, गुऱ्हाळ मिळालं होतं.

संपादक म्हणाले, तुमचे अनुभव लिहा. माझी शाळा उर्दूतली, मराठी घरातली, तेव्हा शुद्धलेखन त्यांनीच बघावं. नोकरी कुठे लागली, बढती कधी मिळाली, यात सांगण्यासारखं काही नाही. अफझलगंजात करीम उस्तादांच्या पत्र्याच्या शेडमध्ये लागलो आणि तिथेच राहिलो. म्हणून एकच गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची आहे आणि घरात आजवर ती दुसऱ्याच्या नावावर खपली आहे.

आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांत खोटं न बोलणारा माणूस एकच, छोटे नवाब. नवाब म्हणजे फार मोठे नव्हेत. दोन-तीन गावांची जहागीर, भरपूर थोरले भाऊ, आणि हिरव्या रंगाची एक विलायती शर्यतीची गाडी. दोनच माणसं बसायची तिच्यात, आणि ती जमिनीला इतकी टेकलेली की आत बसायचं म्हणजे हौदात उतरायचं. त्यांच्या चुलतभावाकडे तसलीच लाल गाडी होती. शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर दोघांच्या शर्यती चालत. शर्यत सुरू करताना छोटे नवाब इंजिन पार बोंबलेपर्यंत तापवत आणि क्लचवरचा पाय एकदम उचलत. गाडी उडी मारायची, मागून 'काडकन' आवाज यायचा, आणि लाल गाडी दिसेनाशी व्हायची.

मग टांगा जुंपून ती हिरवी गाडी आमच्या दारात यायची. नवाब उतरून छातीवर हात ठेवून सांगायचे, "उस्ताद, ॲक्सल टूट गया. मैंच तोडा."

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळच्या गाडीत इंजिन तोंडाशी, पण गाडी ढकलायचं काम मागच्या चाकांचं. इंजिनाचं फिरणं एका लांब दांड्यातून मागे जातं. मागे दोन चाकांच्या मधोमध लोखंडी भोपळा असतो, तो तुम्ही ट्रकच्या मागे चालताना पाहिला असेल. त्या भोपळ्यात वाटीएवढं एक दातेरी चाक आणि ताटाएवढं एक दातेरी चाक असतं. वाटी ताटाला फिरवते, ताट चाकांना फिरवतं. ताट वाटीच्या एका अंगाला असलं तर गाडी पुढे जाते. दुसऱ्या अंगाला असलं तर काय होतं, ते मी पुढे सांगणारच आहे. हा भोपळा आणि त्याच्या दोन्ही हातांच्या नळ्या मिळून झाला मागचा ॲक्सल.

तो तिसऱ्यांदा मोडला ते साल अठ्ठेचाळीस. देशाला स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं होतं, पण आमचं हैदराबाद अजून वेगळंच होतं. हिंदुस्थान सरकार आणि निजाम सरकार यांचं जमत नव्हतं आणि मध्ये आमचे नटबोल्ट अडकले होते. मुंबईहून सामान यायचं बंद. पेट्रोल औषधासारखं मिळायचं. वेल्डिंगचा गॅस तर नावाला नव्हता. त्या गाडीचा ॲक्सल विलायतेहून यायचा, म्हणजे प्रश्नच मिटला.

छोटे नवाब हटले नाहीत. लढाई संपल्यावर सिकंदराबादेत फौजेचा जुना माल डिस्पोजलमध्ये निघाला होता. तिथून त्यांनी एका हलक्या फौजी ट्रकचा मागचा ॲक्सल पैदा केला, टांग्यावर घातला, आणि स्वतः टांग्यामागून चालत आले, कारण टांग्यात जागा उरली नव्हती.

"येच बिठाना," ते म्हणाले. "अब देखता कैसा टूटता. शुक्रवार को आतूं."

ॲक्सल उत्तम होता. हत्तीला जुंपला तरी मोडला नसता. रुंदीला दोन बोटं जास्त, ते आम्ही जमवलं. घोडं अडलं ते वेगळ्याच जागी. ट्रक उंच असतो, त्यामुळे त्याचे कमानीचे पाटे ॲक्सलच्या वर बसतात आणि पाट्यांच्या बैठका ॲक्सलच्या पाठीवर असतात. आमची गाडी बुटकी. तिचे पाटे ॲक्सलच्या खालून जायचे. म्हणजे बैठका पोटाला हव्या होत्या आणि होत्या पाठीला. सरळ मार्ग म्हणजे बैठका कापून खालच्या अंगाला वेल्ड करायच्या. गॅस नाही म्हटल्यावर ते राहिलं.

करीम उस्ताद तासभर ॲक्सलकडे बघत बसले. पन्नाशीचा माणूस, दाढी मेंदीने लाल, हात असे की अंधारात नुसत्या बोटाने बेअरिंगचा नंबर सांगायचे. ते दखनीत बोलायचे, मी मराठीत. एकमेकांची भाषा न बोलता आमची भांडणंसुद्धा सुरळीत चालत.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. मी म्हणालो, "उस्ताद, ॲक्सलच उलटा करू या की. पाठ खाली, पोट वर. बैठका आपोआप खाली येतात."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, ॲक्सलकडे पाहिलं, आणि उठून माझी पाठ थोपटली. "वा भुजंगराव! इत्ती अक्कल कां रखे थे इत्ते दिन?"

आम्ही ॲक्सल उलटा बसवला. बैठका पाट्यांवर अशा बसल्या, जणू जन्मापासूनच्या. फक्त भोपळ्याच्या वरच्या बाजूला हवेसाठी एक भोक असतं, ते आता खाली आलं आणि त्यातून तेल ठिबकायला लागलं. ते ठिबकणारं तेल मला काहीतरी सांगत होतं. मी त्यात लाकडाची खुंटी ठोकून त्याचं तोंड बंद केलं.

पेट्रोल जपायचं म्हणून गाडी बाहेर न काढता मागची चाकं जॅकवर उचलून पाहिलं. इंजिन चालू केलं, गिअर टाकला. चाकं फिरली, खरखर नाही, डुगडुग नाही. दोघांनी टाळ्या वाजवल्या. अधांतरी फिरणारं चाक कोणत्या दिशेने फिरतंय हे टाळ्या वाजवणारा माणूस बघत नाही, एवढंच मी आमच्या बाजूने सांगू शकतो.

त्या दिवशी मंगळवार होता. आदल्या दिवशीच हिंदुस्थानचं सैन्य हद्दीत शिरल्याची बातमी आली होती. बाजार अर्धा बंद, टांगे गायब, आणि आकाशात काही घोंघावलं की माणसं गच्चीवर धावायची आणि लगेच खाली धावायची. अशा दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला मी गाडी जॅकवरून उतरवली, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

करीम उस्ताद गाडीच्या मागे उभे राहून पान लावत होते. गाडी गेली मागे. उस्ताद गाडीच्या शेपटीवर बसले. मुद्दाम नव्हे, गाडीने त्यांना गुडघ्यांमागून उचललं.

"अरे आगे, आगे!" ते ओरडले.

मला वाटलं चुकून रिव्हर्स पडला. दुसरा टाकला. गाडी आणखी जोरात मागे गेली. पंक्चर तपासायचा पाण्याचा हौद उस्तादांच्या पाठीशी येऊन थांबला, म्हणजे मी ब्रेक मारला. मग मी घाबरत घाबरत रिव्हर्स टाकला. गाडी कण्हत, रडत, बैलगाडीच्या चालीने पुढे निघाली.

ताट वाटीच्या दुसऱ्या अंगाला गेलं होतं. ॲक्सल उलटा केला की ते जाणारच. शाळकरी पोरालाही कळलं असतं.

उस्ताद शेपटीवरून उतरले, अंगावरचा कात झटकला आणि म्हणाले, "भुजंगराव, मुबारक. दुनिया में पैली गाडी बनाए अपन. चार रिव्हर्स की."

शुक्रवारपर्यंत तीन दिवस होते. ॲक्सल उतरवू, काहीतरी करू, असं बोलत होतो तेवढ्यात माझा मेहुणा सायकल फेकूनच आत आला. माझी बायको सरू पहिल्या बाळंतपणाला अंबरपेठेत माहेरी होती. दिवस भरायला अजून पंधरवडा होता.

"भावजी, ताईला सकाळपासनं कळा चालू आहेत," तो धापा टाकत म्हणाला. "आमची सुईण परवाच गावाकडे पळून गेली. आई म्हणते, काचीगुड्याच्या मार्थम्मांना घेऊन या. त्यांना सायकलवर बसा म्हटलं तर मला छत्री मारली."

मार्थम्मा म्हणजे दवाखान्यात तीस वर्षं काढलेली नर्स. उंचीला माझ्याएवढी आणि रुंदीला माझ्या दीडपट. सायकलवर त्या मावल्या नसत्या आणि बरोबरची पत्र्याची पेटीही मावली नसती. रस्त्यावर टांगा नाही, बस नाही. अफझलगंज ते अंबरपेठ जेमतेम दीड-दोन कोस, पण त्या दिवशी ते मला मुंबईएवढं लांब वाटलं.

आमच्याकडे गाडी एकच होती आणि पेट्रोल तिच्यातच होतं.

"रिव्हर्स टाकून तोंडाकडून नेली तर?" मी म्हणालो.

"पैदल जल्दी जाते," उस्ताद म्हणाले. ते पुन्हा गाडीच्या शेपटीवर चढून बसले, या वेळी मुद्दाम, तोंड मागे करून. "चलो. मैं देखतूं, तुम चलाओ."

गाडी मागे चालवणं आणि गाडी मागे पळवणं यात फार फरक आहे. पळवायला लागलं की वळणारी चाकं मागे राहतात आणि गाडी शेपूट हलवत धावते. मी मान पिळून मागे बघत होतो आणि समोर उस्तादांची पाठ, म्हणजे मला काही दिसतच नव्हतं. ते ओरडत, "बायें!" मी गाडीच्या डाव्या अंगाला वळवायचो. त्यांचं डावं निघायचं ते दुसरंच. एका दुकानाच्या पायरीवर चढून उतरल्यावर उस्तादांनी डावं-उजवं सोडून दिलं.

"नद्दी की तरफ!" ते ओरडायला लागले. "अब टेसन की तरफ! टेसन, टेसन! बस!"

मूसी नदी एका बाजूला आणि काचीगुडा स्टेशन दुसऱ्या बाजूला, हे दोघांनाही पाठ. गाडी सुतासारखी सरळ चालायला लागली. हॉर्न मात्र गाडीच्या तोंडाशी, म्हणजे तो आम्ही मागे टाकलेल्या लोकांना ऐकू जायचा. तेव्हा हॉर्नचं कामही उस्तादांनीच केलं.

काचीगुड्यात मार्थम्मा पेटी घेऊन दारातच उभ्या होत्या. शेपूट पुढे करून आलेली गाडी आणि तिच्यावर बसलेले लाल दाढीचे गृहस्थ पाहून त्यांनी कपाळावर, छातीवर बोटं टेकवली.

"अय्यो! ये गाडी उल्टी काईकू आई?"

"अम्मा, नवाबां की गाडी है," उस्ताद अदबीने म्हणाले. "दरबारी तौर-तरीके की. किसी कू पीठ दिखाके नै जाती."

मार्थम्मांना दरबारातले लोक सलाम करत करत मागे सरकतात हे ठाऊक असावं. त्या मान डोलावून बसल्या. शंभर पावलांवर त्यांना मळमळायला लागलं, तेव्हा त्या सीटवर गुडघे टेकून तोंड मागे करून बसल्या, पेटी पोटाशी. आता आम्ही तिघंही एकाच दिशेला तोंड करून जात होतो. फक्त गाडी आमच्यात नव्हती.

अंबरपेठच्या अलीकडे रस्त्यावर बल्ली, म्हणजे लाकडाचा लांब वासा, आडवी टाकून नाका बसवला होता. हुकूम असा की शहराबाहेर कुणी जायचं नाही आणि बाहेरून कुणी चिठ्ठीशिवाय आत यायचं नाही. नाक्यावर दोन जवान, एक मिशीवाला पोक्त आणि एक तरुण. दोघं पलीकडच्या बाजूला, येणाऱ्या रस्त्याकडे डोळे लावून बसले होते, कारण जे काही यायचं ते तिकडून यायचं होतं. त्यांच्या पाठीमागे जाऊन मी बल्लीला शेपूट लावून गाडी थांबवली.

चिठ्ठी नाही, नवाबाची गाडी, शहराबाहेर चाललोय, आणि घरी सरू.

मिशीवाला दचकून उठला. गाडीला एक फेरी मारून तिच्या तोंडाशी गेला. दिवे पाहिले, नंबर पाहिला. गाडीचं तोंड शहराकडे होतं.

"कां से आ रै?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडण्याआधी मार्थम्मा म्हणाल्या, "अंबरपेठ!" त्यांच्या मनात आम्ही चाललोय कुठे ते होतं.

"अंबरपेठ से? तो बल्ली के अंदर कैसे आ गए?" तो तरुणाकडे वळला. "तू सो रा था क्या?"

"नै साब! मैं कां सोया?"

"फिर ये गाडी उडके आई?"

तरुणाने बल्लीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. त्याचा स्वतःवरचा विश्वास उडत चाललेला मला स्पष्ट दिसत होता. मी खरं सांगायला "अहो, पण" एवढं म्हणालो आणि करीम उस्तादांनी शेपटीवरून हात जोडले.

"गलती हो गई हुजूर. मालूम नै था."

"गलती? बगैर चिठ्ठी के शहर में घुसते? चलो, जिधर से आए उधरीच वापस! अब्बी के अब्बी!"

बल्ली वर गेली. मी अजून तोंड उघडं टाकून बसलो होतो.

"भुजंगराव," उस्ताद गंभीरपणे म्हणाले, "साब वापस बोल रै. वापस लेव."

मी दुसरा गिअर टाकला. आम्ही नाका ओलांडून 'वापस' निघालो. मिशीवाला गाडी वळवून न्या म्हणून पाठीमागून ओरडत होता, "अरे मोडके लेके जाओ!" आणि उस्ताद हात हलवून सांगत होते, "जगा नै हुजूर!" रस्ता चार बैलगाड्या शेजारी मावतील एवढा रुंद होता.

तिसऱ्या गिअरात सासऱ्यांच्या दारात पोचलो. मार्थम्मा आत गेल्या, दार लागलं, आणि इथे माझं हसू संपलं.

थोड्या वेळाने त्या हात पुसत बाहेर आल्या. चेहरा वेगळाच होता. "बच्चा उल्टा है," त्या हळू म्हणाल्या. "पाँव नीचे, सिर ऊपर. टाइम लगता. गरम पानी देव, और बाहर कोई चिल्लाना नक्को."

मी पायरीवर बसलो. गॅरेजात ऐटीत म्हटलेलं 'पाठ खाली, पोट वर' माझ्या कानात घुमायला लागलं. माणसाची अक्कल अशा वेळी कुठेही जाते. मला खरंच वाटत होतं की आपण तिकडे लोखंडाची थट्टा केली आणि ती इथे उमटली. सासरे अंगणात येरझारा घालता घालता गाडीपाशी थांबले. रागाला कुठेतरी वाट हवी होती.

"हे असलं उलटं कुणी बसवलं?" त्यांनी विचारलं.

मी मान खाली घातली. करीम उस्ताद माझ्याकडे न बघता म्हणाले, "मैंच बिठाया, बडे मियाँ. बुढापे की गलती."

सासरे त्यांना नाही नाही ते बोलले. उस्ताद ऐकत राहिले आणि मग अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन त्यांनी नमाज पढली. मी तेव्हा बोलायला हवं होतं. पुढेही बोललो नाही. सरू आजही नातवंडांना सांगते की करीमचाचांनी एकदा गाडीची अशी गंमत केली. सरू, तू हे वाचशील तेव्हा चष्मा नीट लाव. तो मी होतो.

संध्याकाळ व्हायच्या आत आतून रडण्याचा आवाज आला. आधी बारीक, मग अंबरपेठभर जाईल एवढा. मार्थम्मा दारात आल्या. घामाने भिजलेल्या, पण दात दाखवत.

"पोट्टी है. दोनों अच्छे हैं." आणि मग गाडीकडे बोट करून, "पीठ नै दिखाई, पाँव दिखाके आई. दरबारी है!"

सासूबाई मागून म्हणाल्या, "पायाळू आहे हो पोर!" आमच्यात पायांकडून जन्मलेल्या मुलाला पायाळू म्हणतात. एवढ्या ओढाताणीने आलेल्या त्या मुलीचं नाव सरूने सुलभा ठेवलं.

नाका बंद म्हणून उस्ताद आणि मार्थम्मा दोघंही सासऱ्यांकडेच अडकले. चार दिवस मार्थम्मांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि सासूबाईंना चिंचेचा चारू, म्हणजे तिकडचं सार, शिकवला. उस्ताद राहायचे त्या गल्लीची काही खबर येत नव्हती. ज्या सासऱ्यांनी त्यांना शिव्या घातल्या होत्या तेच रोज सकाळी अंगणात त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे. कुणी दारात येऊन "हे कोण?" म्हणून विचारलं तर सांगायचे, "आमच्या जावयाचे उस्ताद. काय काम आहे?"

निजामाने शस्त्रं खाली ठेवल्याचं रेडिओवर ऐकलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मार्थम्मांना पोचवायला निघालो. नाक्यावर कुणी नव्हतं. बल्ली कडेला पडलेली. काचीगुड्यात लोक झेंडे, हार घेऊन सैन्याची वाट बघत उभे होते. शेपटीकडून येणारी हिरवी गाडी त्यांनी कधी पाहिली नव्हती. हे फौजेचंच काहीतरी नवीन असेल असं धरून पुढच्या दोघांनी मार्थम्मांना हार घातला. त्यांनी तो नाकारला नाही. उस्ताद शेपटीवर अंग चोरून बसले होते. एका माणसाने त्यांच्या दाढीकडे पाहिलं, हातातल्या दुसऱ्या हाराकडे पाहिलं, आणि तो त्यांच्या गळ्यात टाकला. काचीगुडा संपेपर्यंत उस्तादांनी 'टेसन की तरफ' सुद्धा म्हटलं नाही.

छोटे नवाब पुढच्या शुक्रवारी आले, टांग्याने, एकटेच. उस्ताद "हुजूर, मैंच" म्हणायला लागले, पण एवढ्यापुरती तरी मला लाज वाटली. मी मध्येच बोललो. "मीच उलटा बसवला." आणि सगळी हकीकत सांगितली, नाक्यासकट. नवाब टायरावर बसून ऐकत होते.

"चौथे में डाले क्या?" त्यांनी एवढंच विचारलं.

"तिसऱ्यापर्यंत."

"डालना था," ते हळहळले. मग स्वतः आत बसून आवारात चौथ्या गिअरात मागे गेले. तो हौद नंतर आम्ही नवीन बांधला.

महिन्याभरात मुंबईहून गॅस आला. बैठका कापून खाली वेल्ड केल्या, ॲक्सल सुलटा बसवला, आणि गाडी इतकी झकास पळाली की पुन्हा हात लावायला नको. पण शर्यत झाली नाही. चुलतभावाने लाल गाडी विकली होती, पुढच्या वर्षी जहागिरीही गेल्या. नवाबांनी हिरवी गाडी एका दाताच्या डॉक्टरला दिली आणि शेवटी बॉनेटवरून हात फिरवून गेले. तो ॲक्सल काही कधी मोडला नाही.

आता उस्तादांबद्दल थोडं सांगून थांबतो. वाकून वाकून मिस्त्रीची कंबर जातेच. उस्तादांची त्याच हिवाळ्यात धरली. सासूबाई म्हणाल्या, पायाळू माणसाचा पाय लागला की उसण उतरते, सुलभाचा लावून बघा. उस्ताद हसले, पण पालथे झोपले. तीन महिन्यांच्या पोरीचे पाय धरून त्यांच्या कमरेला टेकवले. ते उठले आणि म्हणाले, बरं वाटतंय. खरंच वाटत होतं की काय, कोण जाणे. उस्तादांना मूलबाळ नव्हतं, बायको कधीच गेलेली. मग दर शुक्रवारी नमाज झाली की ते आमच्या घरी, चटईवर पालथे. पोरगी उभी राहायला लागली ती त्यांच्या पाठीवरच.

सुलभा दोन वर्षांची झाली तेव्हा उस्तादांचे थोरले भाऊ कराचीला निघाले. सगळं विकून झालं होतं. भावाला बरोबर न्यायचं म्हणून शोधत शोधत ते शुक्रवारी आमच्या दारात आले. उस्ताद चटईवर पालथे होते आणि सुलभा त्यांच्या कमरेवर नाचत होती.

"करीम, उठ," भाऊ म्हणाले. "तेरा भी बंदोबस्त करके आया मैं. बैठके बात कर."

"नै उठ सकता भाईजान," उस्ताद चटईत तोंड खुपसून म्हणाले. "उठा तो बच्ची गिर जाती."

सरूने भावांना खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. मग त्यांनी जोडे काढले, चटईच्या कडेला येऊन बसले आणि मला विचारलं, "कंधे पे भी चलता क्या इसका पाँव?"

सुलभाने त्यांच्या खांद्यावरही पाय ठेवला.

भाऊ पुढच्या आठवड्यात एकटेच गेले. करीम उस्ताद शनिवारी सकाळी आठ वाजता नेहमीसारखे गॅरेजात आले, कोट खिळ्याला अडकवला आणि म्हणाले, "भुजंगराव, डॉक्टरसाब के गाडी का क्लच खोलो. और सीधा बिठाना."